‘रीझनेबल’चा कीस : अनुच्छेद १९ मधल्या एका विशेषणावर ओळवार भाष्य

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ मध्ये ‘रीझनेबल’ हे इंग्रजी विशेषण आज पाच ठिकाणी आहे. २६ जानेवारी १९५० रोजी घटना अमलात आली तेव्हा ते चार ठिकाणी होते. संविधान सभेपुढे जो मसुदा आला, त्यात या कलमाचा क्रमांक १३ होता आणि हे विशेषण एकाही ठिकाणी नव्हते. शून्याचे चार आणि चाराचे पाच कसे झाले, हे खाली त्या त्या ओळीपाशी येईल. या एका शब्दाने न्यायालयांना पंच्याहत्तर वर्षे काम पुरवले आहे. इंग्रजी शब्दकोशात त्याला जेमतेम पाचसहा ओळी मिळतात, त्यामुळे अर्थ तिथे शोधून फारसे हाती लागत नाही. तो शब्द कोणत्या नामाला चिकटला आहे, त्याच्या मागेपुढे कोण बसले आहे, हे पाहावे लागते. म्हणून ओळ न् ओळ घेतो. ओळींचा आशय माझ्या मराठीत देतो, शब्दक्रम मात्र इंग्रजी संहितेचा धरतो, कारण वकिलांनी आणि न्यायाधीशांनी कीस पाडला तो त्याच शब्दक्रमाचा.

आधी शब्द सुटा

इंग्रजी बोलण्यात हे अगदी रोजचे विशेषण आहे. माणसाला लावले की तो समंजस, दुसऱ्याचे ऐकून घेणारा. किमतीला लावले की ती परवडणारी. मुदतीला लावले की ती पुरेशी. इथपर्यंत कौतुक आहे. पण एखाद्याचे फ्रेंच ‘रीझनेबल’ आहे असे कोणी म्हणाले, तर ते बेताचे, निभावून जाईल इतपत आहे असे समजावे. शब्दाच्या अंगातच एक मध्यमपणा आहे. ‘रॅशनल’ हे त्याचे सख्खे भावंड, पण स्वभावाने वेगळे. स्वतःचा फायदा चोख पाहणारा माणूस ‘रॅशनल’ म्हणवून घेऊ शकतो. ‘रीझनेबल’ म्हणवून घ्यायला त्याला समोरच्याचीही बाजू ध्यानात घ्यावी लागते. दोघांचेही मूळ लॅटिन ‘रातिओ’मध्ये, आणि ‘रातिओ’चा एक जुना अर्थ हिशेब.

घटनेच्या मराठी पाठात ‘वाजवी निर्बंध’ असे शब्द आहेत, हिंदी पाठात ‘युक्तियुक्त निर्बंधन’. मला मराठीची निवड जास्त पटते. युक्तियुक्त म्हटले की युक्तिवादाच्या कड्या जुळल्या म्हणजे काम झाले असे वाटते. पण कड्या जुळलेला निर्बंधही जाचक असू शकतो. चोर रात्री फिरतात, म्हणून रात्री कोणीच फिरू नये, यात उद्देश आणि उपाय यांचा संबंध नाही असे कोण म्हणेल? ‘वाजवी’ मूळचा अरबी ‘वाजिब’, म्हणजे करणे भाग असलेले. मराठीत रुळेपर्यंत त्यातली सक्ती झडली आणि रास्त एवढा अर्थ उरला. त्याला बाजाराची सवय आहे. भाव वाजवी की नाही हे ठरवायला माल आणि दाम दोन्ही समोर लागतात. नुसता दाम सांगून कोणी ‘वाजवी’ म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने या विशेषणाचे जे जे अर्थ लावले, त्यांच्या तळाशी हाच व्यवहार आहे : समाजाला मिळते काय, आणि नागरिकाला मोजावे लागते काय.

खंड (२), पहिले पद : ‘कायदा’

खंड (२) भाषणस्वातंत्र्याविषयीचा. त्याची सुरुवात अशी, की हक्कामुळे राज्याला अमुक प्रकारचा कायदा करण्यास अडथळा होणार नाही. विशेषणापर्यंत पोहोचण्याआधीच इथे एक दार आहे. निर्बंध कायद्याने घातलेला हवा. साहेबांची इच्छा, खात्याचे परिपत्रक, तोंडी हुकूम यांना या दारातून प्रवेश नाही, मग ते कितीही शहाणपणाचे असोत. केरळातल्या तीन शाळकरी मुलांना राष्ट्रगीत न गायल्याबद्दल शाळेतून काढले होते. ती उभी राहत, पण यहोवाच्या साक्षीदारांच्या पंथातली असल्याने गात नसत. १९८६ साली बिजो इमॅन्युएल खटल्यात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी शिक्षण खात्याच्या परिपत्रकांचे मूळ तपासले आणि त्यांना कायद्याचा आधारच नसल्याचे दाखवले. निर्बंध वाजवी की गैरवाजवी हा प्रश्न त्यानंतरचा.

हे पद आपल्याकडे फार लवकर ओलांडले जाते. कसली तरी बंदी आली की लोक लगेच ती योग्य की अयोग्य यावर भांडायला लागतात. बंदी कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली आहे, हे आधी विचारावे.

दुसरे पद : ‘जितक्यापुरता’

इंग्रजीत चारपाच छोट्या शब्दांचा हा जोड आहे : असा कायदा जितक्यापुरता वाजवी निर्बंध घालतो, तितक्यापुरता तो टिकतो. म्हणजे कायदा अर्धा टिकू शकतो. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे असेच झाले. बलसारा नावाच्या मुंबईकराने न्यायालयात जाऊन आपल्याला व्हिस्की, ब्रँडी, बिअर यांबरोबर ओ-द-कोलोनसुद्धा जवळ बाळगता यावे अशी मागणी केली. मे १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदी बहुतांशी उचलून धरली, पण अल्कोहोल असलेली औषधे आणि प्रसाधने यांच्यावरची बंदी गैरवाजवी ठरवून तेवढी कापून काढली. व्हिस्की गेली, कोलोन वाचले.

पण प्रत्येक कायदा असा कापता येत नाही. रमेश थापर मुंबईतून ‘क्रॉस रोड्स’ हे साप्ताहिक काढत. मद्रास सरकारने मार्च १९५० मध्ये त्याला आपल्या प्रांतात येण्यास बंदी केली. आधार होता सार्वजनिक सुव्यवस्था राखण्याच्या कायद्याचा. त्या वेळच्या खंड (२) मध्ये सार्वजनिक सुव्यवस्था हा शब्दच नव्हता. राज्याची सुरक्षितता एवढेच होते. सरकारचे म्हणणे, की राज्याच्या सुरक्षिततेपुरता तरी कायदा वैध माना. न्यायालयाने नकार दिला. कायद्याची भाषा इतकी ऐसपैस होती, की घटनेला मान्य असलेले आणि अमान्य असलेले दोन्ही प्रकारचे निर्बंध तिच्यात एकत्र कालवले गेले होते, आणि वेगळे करायला सांधाच नव्हता. ती तरतूद पुरीच रद्द झाली. त्याच दिवशी, २६ मे १९५० रोजी, दिल्लीच्या ‘ऑर्गनायझर’वरची पूर्वतपासणीही अशीच रद्द झाली. एक साप्ताहिक डाव्या विचारांचे, दुसरे संघविचारांचे. न्यायमूर्ती फजल अली दोन्ही वेळा एकटे विरुद्ध मताचे.

तिसरे पद : ‘वाजवी’

हे खुद्द विशेषण. खंड (३) ते (६) मध्ये ते घालण्याचे श्रेय पंडित ठाकुरदास भार्गव यांचे. डिसेंबर १९४८ मध्ये मसुद्याच्या कलम १३ वर चर्चा चालू असताना त्यांनी ‘निर्बंध’ या नामाआधी हा एक शब्द घालण्याची दुरुस्ती सुचवली आणि डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली. वाक्यात एक शब्द वाढला, पण अधिकार एका हातातून दुसऱ्या हातात गेला. ‘सार्वजनिक हितासाठी निर्बंध’ एवढेच लिहिले असते तर निर्बंध किती घट्ट असावा हे विधिमंडळाने ठरवायचे आणि न्यायालयाने मान डोलवायची. ‘वाजवी निर्बंध’ लिहिल्यावर घट्टपणा तपासण्याचे काम न्यायाधीशाकडे आले. या विशेषणाचा मुख्य अर्थ मला तरी हाच दिसतो. ते निर्बंधाचा गुण सांगते खरे, पण त्याहून अधिक तो गुण पारखणार कोण हे सांगते.

भाषणस्वातंत्र्याच्या खंड (२) मध्ये मात्र १९५० साली हे विशेषण आले नाही. तिथली रचना वेगळी होती : बदनामी, न्यायालयाचा अवमान, सभ्यता वा नीतिमत्ता, राज्याची सुरक्षितता या विषयांवरचे कायदे सरसकट वाचवलेले होते. थापर आणि ‘ऑर्गनायझर’ जिंकल्यानंतर नेहरू सरकारने मे १९५१ मध्ये पहिल्या घटनादुरुस्तीचे विधेयक मांडले. त्यात सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध आणि गुन्ह्याला चिथावणी असे नवे आधार होते, ‘वाजवी’ नव्हते. हंगामी संसदेत श्यामाप्रसाद मुखर्जी आणि इतरांनी विधेयकावर झोड उठवली. प्रवर समितीतून ते परत आले तेव्हा ‘निर्बंध’पुढे ‘वाजवी’ बसले होते. जूनमध्ये दुरुस्ती अमलात आली, तीही पूर्वलक्षी प्रभावाने, जणू खंड (२) पहिल्यापासून असाच होता. पाचवे ‘वाजवी’ ते हे. पहिल्या दुरुस्तीने भाषणस्वातंत्र्याचा गळा आवळला असे म्हणणारे नवे आधार मोजतात, आणि तिची तरफदारी करणारे हे विशेषण पुढे करतात. वस्तुस्थिती अशी, की सरकारने एका हाताने आधार वाढवून घेतले आणि दुसऱ्या हाताने ते तपासण्याची किल्ली न्यायालयाला दिली. पुढे १९६३ च्या सोळाव्या दुरुस्तीने भारताचे सार्वभौमत्व व एकात्मता हा आणखी एक आधार वाढला. विशेषणाला कोणी हात लावला नाही.

मग ते ठरवायचे कसे? मार्च १९५२ मध्ये मद्रास राज्य विरुद्ध व्ही. जी. राव या खटल्यात सरन्यायाधीश पतंजली शास्त्री यांनी दिलेले उत्तर आजही पहिल्यांदा उद्धृत होते. त्यांचे म्हणणे असे : सगळ्या प्रकरणांना लागू होईल असा एकच अमूर्त मापदंड ठेवता येणार नाही. हक्क कोणता, निर्बंधामागचा हेतू काय, ज्या अनिष्टावर उपाय करायचा ते किती मोठे आणि किती तातडीचे, उपाय त्याच्या मानाने अवाजवी जड आहे का, आणि त्या वेळची परिस्थिती काय, हे सगळे पाहायचे. पुढे त्यांनी कबुलीवजा असेही लिहिले, की या मोजणीत त्या त्या न्यायाधीशाचे सामाजिक तत्त्वज्ञान आणि मूल्यांची उतरंड शिरल्याशिवाय राहणार नाही. इतका प्रांजळ न्यायाधीश विरळा. पुढच्या अनेक निकालपत्रांनी यादी उचलली आणि ही कबुली मागे ठेवली.

राव खटल्यातला निर्बंध असा होता, की सरकारने राजपत्रात अधिसूचना छापली की संस्था बेकायदा. संस्थेला ती अधिसूचना नीट पोहोचवण्याची तरतूद नव्हती. सरकारने नेमलेले सल्लागार मंडळ होते, पण न्यायालयात जाऊन तथ्ये तपासून घेण्याची सोय नव्हती. ‘पीपल्स एज्युकेशन सोसायटी’ या नावाची संस्था यात सापडली. सरकारचे समाधान झाले एवढ्यावर नागरिकांचा संघटनेचा हक्क जातो, हे न्यायालयाला वाजवी वाटले नाही. म्हणजे ‘वाजवी’त काय बंद केले याइतकेच कोणत्या रीतीने बंद केले हेही आले.

अलीकडे या विशेषणाच्या जागी निकालपत्रांत ‘प्रोपोर्शनॅलिटी’ हे नाम अधिक दिसते. २०१६ च्या मॉडर्न डेंटल कॉलेज निकालापासून चार पायऱ्यांची कसोटी रूढ झाली : उद्देश योग्य हवा, उपायाचा उद्देशाशी संबंध हवा, कमी जाचक पर्याय उपलब्ध नसावा, आणि लाभ व हानी यांचा तोल हवा. जानेवारी २०२० मध्ये काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीच्या प्रकरणात, अनुराधा भसीन खटल्यात, हीच कसोटी वापरून न्यायालयाने बेमुदत इंटरनेटबंदी मान्य नसल्याचे सांगितले. पायऱ्या आल्याने निकालपत्रे नीटनेटकी झाली हे खरे. शास्त्रींच्या यादीत नसलेले मला त्यात एकच दिसते : कमी जाचक पर्यायाचा प्रश्न आता सरकारला थेट विचारला जातो.

चौथे पद : ‘निर्बंध’

विशेषण या नामाला लागले आहे. कायद्याला नाही, उद्देशालाही नाही. उद्देश कितीही उदात्त असला तरी निर्बंध गैरवाजवी ठरू शकतो. सरकारी वकील वर्षानुवर्षे उद्देशाचे गोडवे गातात, ते या नजरेने पाहिले तर बरेचसे वाया जाते.

निर्बंध म्हणजे आवर घालणे. मग पूर्ण बंदी हा निर्बंधच का? १९६० च्या नरेंद्र कुमार खटल्यात, तांब्याच्या व्यापाराच्या संदर्भात, न्यायालयाने होकार दिला, पण बंदी जितकी पुरी तितकी तपासणी कडक असे सांगितले. या पदाचा सर्वांत बोलका दाखला गोवंशहत्याबंदीचा. १९५८ साली हनीफ कुरेशी खटल्यात गाय आणि वासरे यांच्यावरची पूर्ण बंदी टिकली, पण कामाच्या उपयोगी न राहिलेल्या बैलांवरची पूर्ण बंदी खाटकांच्या व्यवसायावरचा गैरवाजवी निर्बंध ठरली. २००५ साली मिर्झापूर मोती कुरेशी खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने गुजरातच्या कायद्यातली तीच बंदी सहास एक मताने वाजवी ठरवली. शेण, गोमूत्र, चाऱ्याची उपलब्धता यांची आकडेमोड बदलली असे बहुमताचे म्हणणे. शब्द तोच आणि बैलही तेच. शास्त्रींनी ‘त्या वेळची परिस्थिती’ म्हटले होते, तिची ताणता येईल तेवढी ताण इथे दिसते. मला ही ताण अंमळ जास्त वाटते.

पाचवे पद : ‘च्या हितासाठी’ आणि त्यापुढची यादी

वाजवी निर्बंधसुद्धा यादीतल्या कोणत्या तरी आधारासाठीच हवा. खंड (२) मध्ये आज आठ आधार आहेत. ‘च्या हितासाठी’ हा प्रत्यय सैल आहे. रामजी लाल मोदी खटल्यात १९५७ साली तो बराच पसरवला गेला. १९६० साली राममनोहर लोहियांच्या खटल्यात न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी तो आवळला. लोहियांनी उत्तर प्रदेशात वाढीव पाटपट्टी भरू नका असे आवाहन केले होते. आज पाटपट्टी भरू नका म्हणाले, उद्या लोक ऐकतील, परवा त्यातून अंदाधुंदी माजेल, ही साखळी न्यायालयाने मानली नाही. भाषण आणि सुव्यवस्थेला धोका यांचा संबंध जवळचा हवा, दूरचा नको.

‘सभ्यता’ आणि ‘सुव्यवस्था’ यांच्या बाबतीत आणखी एक प्रश्न निघतो. बिघाड होतो की नाही हे कोणाच्या डोळ्यांनी पाहायचे? इथे आपले विशेषण निर्बंधावरून उठून माणसावर जाऊन बसते. इंग्लंडच्या न्यायालयांत ‘रीझनेबल’ माणसाची मूर्ती फार जुनी, लंडनमधल्या क्लॅपहॅमच्या बसमध्ये बसलेला साधासुधा गृहस्थ म्हणून ती प्रसिद्ध आहे. आपल्याकडे तिला वेगळे रूप दिले नागपूरच्या उच्च न्यायालयाने. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी भगवतीचरण शुक्ल खटल्यात म्हटले, की लेखनाचा परिणाम समंजस, खंबीर आणि धीट माणसाच्या मापाने पाहावा. दुबळ्या, डळमळीत मनाच्या, प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसाच्या मापाने नव्हे. ‘तमस’ मालिकेवर बंदीची मागणी झाली तेव्हा १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने नागपूरचे हेच वाक्य आधाराला घेतले. मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणात न्यायमूर्ती अभय ओक यांच्या पीठाने तेच माप पुन्हा लावले. बोस यांनी ‘रीझनेबल’ला ‘धीट’ हा शेजारी दिला, हे मला फार मोलाचे वाटते. क्लॅपहॅमच्या गृहस्थाला धीट असण्याची गरज नव्हती.

उलट टोक पालघरचे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली, त्यावर एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न विचारला, दुसरीने त्याला पसंती दिली, आणि दोघींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ अ खाली ‘त्रास’ आणि ‘गैरसोय’ होणेही गुन्हा होता. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल निकालात न्यायमूर्ती नरिमन यांनी ते कलम रद्द केले. त्रास आणि गैरसोय हे शब्द आठ आधारांपैकी एकातही बसत नव्हते.

खंड (३) आणि (४) : सभा, संघटना

रचना तीच, यादी लहान. निःशस्त्र सभेसाठी सार्वभौमत्व व एकात्मता आणि सार्वजनिक सुव्यवस्था. संघटनेसाठी त्यात नीतिमत्तेची भर. राव खटला खंड (४) मधला, तो वर आलाच.

खंड (५) : संचार आणि वास्तव्य

मराठी मुलखात या खंडाचे घरगुती नाव ‘तडीपारी’. देशभर फिरण्याचा आणि कुठेही राहण्याचा हक्क. त्यावर सर्वसामान्य जनतेच्या किंवा अनुसूचित जमातींच्या हितासाठी वाजवी निर्बंध. पहिला मोठा खटला डॉ. ना. भा. खरे यांचा. मध्यप्रांत-वऱ्हाडचे माजी पंतप्रधान, हिंदुमहासभेचे नेते. १९५० साली त्यांना दिल्लीतून तीन महिन्यांसाठी बाहेर काढले. प्रश्न असा होता, की ‘वाजवी’ फक्त निर्बंधाच्या आकाराला लागू की तो घालण्याच्या पद्धतीलाही? न्यायालयाने पद्धतीलाही असे सांगितले, आणि तरीही बहुमताने हुकूम कायम ठेवला; दोन न्यायाधीशांचे मत विरुद्ध पडले. राव खटल्यात सरकारला जे जड गेले, त्याचा पाया खरे हरले त्याच निकालात घातला गेला होता.

मुंबईच्या तडीपारीच्या हुकमांना पुढे १९५२ चा गुरुबचनसिंग आणि १९५६ चा हरी खेमू गवळी खटला यांनी बळ दिले. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ (पूर्वीचा मुंबई पोलीस अधिनियम) च्या कलम ५६ आणि ५७ खाली नोटीस निघते. नोटिशीत आरोपांचे स्वरूप असते : अमुक भागात दमदाटी, अमुक काळात मारहाण. साक्षीदारांची नावे नसतात, कारण ते उघडपणे पुढे यायला धजत नाहीत हाच तर हुकमाचा पाया. नोटीस मिळालेल्याने कोणाविरुद्ध खुलासा करायचा हे त्याला ठाऊक नसते; त्याला बोलण्याची संधी मिळते, उलटतपासणीची नाही. न्यायालयाने हे वाजवी मानले. गुंडाच्या दहशतीखालच्या गल्लीत साक्षीदार उभा करणे किती अवघड, हे ज्याने पाहिले आहे त्याला हा युक्तिवाद कळतो. पण ज्याच्यावर सूड म्हणून नोटीस निघाली त्याच्यापाशी दुसरे हत्यार काय, याला त्या निकालपत्रांत समाधानकारक उत्तर नाही. जानेवारी २०२२ मध्ये जालना जिल्ह्यातल्या एका तडीपारीत सर्वोच्च न्यायालयाने हुकूम रद्द केला. न्यायमूर्ती ओक यांनी लिहिलेल्या त्या निकालात, हुकूम कमाल म्हणजे दोन वर्षांचा असेल तर इतका काळ का हवा याचा विचार कागदावर दिसायला हवा, असे म्हटले. मुदतीचा आकडाही वाजवीपणाच्या कक्षेत आला.

खंड (६), पहिली ओळ : व्यवसाय

इथे आधी घ्यायचा निकाल विडीचा. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या १९४८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्याला अधिकार दिला, की शेतीच्या हंगामात ठरावीक गावांत विडी वळण्याचे काम बंद करावे, म्हणजे शेताला मजूर मिळतील. १९५० साली सागर जिल्ह्यात तसा हुकूम निघाला. विडी कशी वळतात हे पाहिलेल्याला त्यातली खोट लगेच दिसेल. मांडीवर सूप, सुपात भिजवून मऊ केलेली तेंदूची पाने. पान मापाने कात्रीने कापायचे, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचे, तोंड दुमडायचे, दोरा गुंडाळायचा. हे बसून करायचे काम आहे. म्हातारी करते, पायाने अधू असलेला करतो. चिखलात लावणीला त्यांच्यापैकी कोणीच उतरणार नव्हते. ८ नोव्हेंबर १९५० रोजी चिंतामण राव खटल्यात न्यायमूर्ती महाजन यांनी नेमके हेच बोट ठेवले : शेतीला मजूर मिळावेत हा उद्देश ठीक, पण ज्यांचा शेतीला उपयोगच नाही त्यांचीही रोजी हुकमाने थांबली. ‘वाजवी’चा त्यांनी लावलेला अर्थ नकारातून येतो : जे मनमानी नाही आणि गरजेपेक्षा जास्त नाही ते. ही पद्धत मला शहाणपणाची वाटते. वाजवी काय यावर दहा जणांची दहा मते पडतील. गैरवाजवी पुढ्यात आले की आठ जण ओळखतात.

याच ओळीवर महाराष्ट्राचा सर्वांत लांबलेला वाद डान्स बारचा. २००५ साली विधिमंडळाने बंदी घातली, पण तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना वगळले. जे नृत्य साध्या बारमध्ये नीतिमत्ता बिघडवते ते महाग हॉटेलात का बिघडवत नाही, या प्रश्नाला सरकारपाशी धड उत्तर नव्हते. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये तो निकाल कायम केला. मग २०१६ चा नवा कायदा आला, बंदीऐवजी अटींचा. जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने त्या अटी एकेक करून चाळल्या. शाळा आणि प्रार्थनास्थळांपासून एक किलोमीटर अंतराची अट रद्द, कारण मुंबईत अशी जागा सापडणारच नाही. सीसीटीव्हीची सक्ती रद्द. संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही वेळ मान्य. नर्तकीला बक्षिशी देता येईल, नोटा उधळता येणार नाहीत. अंतराची अट हा न्यायालयाच्या डोळ्यांना निर्बंधाच्या वेषातली बंदीच दिसली.

खंड (६), दुसरी ओळ : जिथे विशेषण नाही

खंडाच्या उत्तरार्धात दोन गोष्टी वेगळ्या काढल्या आहेत : धंद्यासाठी लागणारी व्यावसायिक किंवा तांत्रिक पात्रता, आणि नागरिकांना पूर्णतः वा अंशतः वगळून राज्याने स्वतः चालवलेला व्यापार. दुसरी गोष्ट १९५१ च्या दुरुस्तीने आली. या ओळीत ‘वाजवी’ नाही. मग सरकारी मक्तेदारी तपासायचीच नाही का?

हा प्रश्न ओरिसातून आला, तोही तेंदूच्याच पानावरून. तिकडे त्याला केंदू म्हणतात. १९६१ च्या कायद्याने पानांचा व्यापार राज्याने आपल्याकडे घेतला. अकादशी पाढान खटल्यात निकाल लिहिला न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी. मक्तेदारी निर्माण करण्यासाठी जे मुळातच आवश्यक, ते वाजवी आहे असे धरून चालायचे; तिथे विशेषणाची कसोटी लावायची नाही. पण त्याच्या आजूबाजूला ज्या आनुषंगिक तरतुदी जोडल्या असतील, त्यांना ओळीच्या पूर्वार्धातली ‘वाजवी’ची कसोटी लागू. आणि मक्तेदारी राज्याचीच हवी. ओरिसा सरकारने ज्यांना ‘एजंट’ म्हणून नेमले होते, त्यांचे करारनामे गजेंद्रगडकरांनी वाचले. त्यात नफा एजंटाचा, तोटा एजंटाचा, व्यापार एजंटाच्या हिशेबावर. राज्याच्या वतीने असे त्यात नावापुरतेच होते. कायदा टिकला, करारनामे पडले.